मोटारसायकलने वाराणसी : प्रवास सुखकर करणारी जोडसाधने आणि त्यांच्या मर्यादा

महाराष्ट्रातून वाराणसीला जाणाऱ्या यात्रेकरूंमध्ये अलीकडच्या काळात मोटारसायकलस्वारांची भर पडली आहे. नागपूरहून जबलपूर, रीवा आणि मिर्झापूरमार्गे वाराणसीचे अंतर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे. पुण्या-मुंबईहून ते दीड हजार किलोमीटरच्या घरात जाते. नागपूरकडील हा रस्ता म्हणजे वाराणसी ते कन्याकुमारी असा २,३६९ किलोमीटर धावणारा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलण्यात आले, तेव्हा त्याचे तुकडे झाले आणि नागपूर ते लखनादोन हा भाग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ मध्ये गेला. पेंचचे जंगल, त्यानंतर कैमूरच्या डोंगररांगा, ड्रमंडगंजचा अवघड घाट आणि शेवटी गंगेचा सपाट प्रदेश असा हा मार्ग आहे.

ताशी सरासरी ५० किलोमीटर वेग धरला तरी नागपूर-वाराणसी अंतरासाठी सुमारे १५ तास गाडीवर बसून राहावे लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटारसायकली मात्र दिवसातून तास-दीड तास चालवण्याचा विचार करून बनवलेल्या असतात. कारखान्यातून आलेल्या गाडीला नंतर बाजारातून आणून जोडायच्या साधनांचा व्यवसाय याच तफावतीवर उभा आहे. जाड आसने, वाऱ्याला अडवणाऱ्या काचा, हँडल उंच करणारे ठोकळे, पाठटेकू, पेट्या आणि पिशव्या अशी ही यादी लांबत जाते. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी मार्ग, दिल्लीत करोलबाग, बंगळूरमध्ये जे. सी. रोड या बाजारांत ही साधने मिळतात.

हा प्रश्न केवळ चैनीचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. थकलेल्या, पाठ आखडलेल्या आणि हात बधिर झालेल्या चालकाला ब्रेक दाबण्यास लागणारा वेळ वाढतो. त्यामुळे एखादे साधन घेण्यापूर्वी ते थकवा खरोखर कमी करते, की केवळ गाडीला दूरच्या प्रवासाचा थाट देते, हे पाहणे आवश्यक ठरते.

विंडजॅमरचा दाखला

मोटारसायकल बनवणाऱ्यांच्या आधी आरामाचा विचार बाहेरच्यांनी केल्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. क्रेग व्हेटर या अभिकल्पकाने १९७१ मध्ये ‘विंडजॅमर’ नावाचे वायुरोधक कवच बाजारात आणले. निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर ते बसवता येत असे. होंडाची गोल्डविंग १९७५ मध्ये विक्रीस आली तेव्हा तिला असे कवच नव्हते. दूरच्या प्रवासाला निघणारे अनेक मालक गाडी घेताच व्हेटरचे कवच बसवून घेत. अखेर १९८० मध्ये होंडाने स्वतःच कवच आणि पेट्यांसह ‘इंटरस्टेट’ हे रूप आणले.

भारतात हेच पुढे घडले. पुण्याच्या बजाज ऑटोने २०२१ मध्ये डॉमिनार ४०० या गाडीला उंच काच, हातांचे संरक्षक, मागील वाहक, पाठटेकू आणि चार्जर ही साधने कारखान्यातूनच बसवून दिली. रॉयल एन्फिल्डही प्रवासी आसनांसारखी स्वतःची साधने विकते. अर्थात गाडीवर गरजेप्रमाणे काही जोडून घेण्याची कला उत्तर भारताला कोणी शिकवावी लागली नाही. बुलेट आणि राजदूतच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या ठोकून दुधाचे कॅन वाहणारे गवळी पूर्वांचलातील रस्त्यांवर कित्येक वर्षांपासून दिसतात. भार चाकाजवळ आणि खाली ठेवावा, हे तत्त्व त्यांच्या जोडणीत आपोआप पाळले गेलेले असते.

खर्चाआधी समायोजन

जी असुविधा दूर करण्यासाठी हजारो रुपये खर्च होतात, तिचा बराच भाग पान्याने आणि हवेच्या पंपाने जातो. टायरमधील हवा ठरलेल्या दाबापेक्षा जास्त असेल तर प्रत्येक खड्डा थेट कण्यापर्यंत पोहोचतो. कमी असेल तर गाडी वळणावर डगमगते आणि टायर तापतो. मागे माणूस आणि सामान असताना मागील टायरचा दाब किती ठेवावा हे बहुतेक गाड्यांच्या साखळी-आवरणावर किंवा पुस्तिकेत दिलेले असते.

दुसरी बाब मागील शॉकॲब्सॉर्बरची. त्याच्या स्प्रिंगवरचा ताण गाडीसोबत मिळणाऱ्या आकड्याच्या पान्याने कमी-अधिक करता येतो, परंतु गाडी विकत घेतल्यापासून तो एकदाही न फिरवणारे मालक संख्येने अधिक. चालक, सहप्रवासी आणि सामान मिळून दीडशे किलोंपेक्षा अधिक भार असताना स्प्रिंग मऊ ठेवली तर ती आधीच दबलेली राहते, खड्ड्यात पार तळाला टेकते आणि सर्व धक्का आसनातून शरीराला बसतो. अशा वेळी नवे आसन घेऊन उपयोग होत नाही. स्प्रिंगचा ताण दोन घरे वाढवला की पुष्कळदा तक्रारच मिटते. हेडलाइटचा झोत आकाशाकडे जाणेही त्याबरोबर थांबते, हा वेगळा लाभ.

क्लच आणि ब्रेकच्या दांड्यांचा कोन हाही असाच बिनखर्चाचा उपाय आहे. बोटे दांड्यांवर ठेवली असता मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत यावा. मनगट वर मुरडलेले राहिले तर दोन तासांत अंगठा आणि लगतची बोटे बधिर होऊ लागतात.

आसन

आसनाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे मऊ ते सुखकर. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिलेला मऊ फोम अर्ध्या तासानंतर पूर्ण दबतो. मग शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो आणि खालील फायबरचा पाया टोचू लागतो. लांबच्या प्रवासाला घट्ट, चांगल्या घनतेचा फोम लागतो. त्याचा पृष्ठभाग रुंद आणि जवळजवळ सपाट असावा. आसनाचा उतार टाकीकडे असेल तर चालक सतत पुढे घसरतो आणि स्वतःला मागे रेटण्यात हात थकवतो.

महाराष्ट्रातील किंवा उत्तर प्रदेशातील कोणत्याही मोठ्या शहरात गादी-रेक्झिनचे काम करणारा कारागीर मूळ आसनाचा फोम कापून, नवा थर चिकटवून ते एका दिवसात करून देतो. हा मार्ग आयत्या आसनापेक्षा स्वस्त आणि पुष्कळदा चांगला असतो, कारण बसणाऱ्याला समोर बसवून माप घेता येते. मात्र फोम वाढवला की आसनाची उंची वाढते. ठेंगण्या चालकाचे पाय जमिनीला पुरत नसतील, तर भरल्या गाडीसह उतारावर थांबताना तोल जाण्याची भीती असते. हे काम प्रवासाच्या आदल्या दिवशी करून घेऊ नये. किमान दोनशे किलोमीटर चालवून पाहून कारागिराकडे पुन्हा जाण्याइतका वेळ हाताशी असावा.

जेलच्या गाद्यांची सध्या चलती आहे. जेल दाब पसरवते हे खरे, पण ते उष्णताही साठवते. वाराणसीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाडीवरील जेलची काळी गादी म्हणजे तापलेला तवाच. त्या मानाने हवा खेळती ठेवणारे जाळीचे आवरण किंवा टॅक्सीचालक वापरतात तशी लाकडी मण्यांची बैठक उन्हाळ्यात अधिक उपयोगी ठरते. हवा भरण्याच्या कप्प्यांची गादी हा तिसरा पर्याय. तिचे तंत्र चाकाच्या खुर्चीत दिवसभर बसणाऱ्या रुग्णांना शय्याव्रण होऊ नयेत म्हणून बनवलेल्या गाद्यांवरून आले आहे. ती फुगवून टणक केली तर निरुपयोगी होते. बसल्यावर शरीर पायापासून जेमतेम बोटभर वर राहील इतकीच हवा ठेवायची असते.

पाय पुढे टाकून बसण्याच्या ‘क्रूझर’ गाड्यांविषयी येथे एक खुलासा आवश्यक आहे. २००५ साली आलेल्या बजाज अव्हेंजरने ही बैठक सामान्य ग्राहकापर्यंत नेली आणि गुळगुळीत रस्त्यावर ती निश्चितच सुखाची आहे. पण खड्डा दिसताच फूटरेस्टवर किंचित उभे राहून धक्का गुडघ्यांत जिरवण्याची सोय तीत राहत नाही. तो माकडहाडाला बसतो. लेगगार्डवर जोडावयाच्या जादा फूटरेस्टचीही तीच अडचण. शिवाय त्यांवर ठेवलेला पाय ब्रेकच्या पट्टीपर्यंत परत येण्यात जो क्षण जातो, तो रस्त्यावर अचानक आलेल्या नीलगाईपुढे परवडणारा नाही.

कंपने आणि हँडल

बसलेल्या माणसाच्या धडाला उभ्या दिशेतील ४ ते ८ हर्ट्झची कंपने सर्वाधिक त्रास देतात, असे मानवी शरीरावरील कंपनांविषयीचे आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक गृहीत धरते. ही संथ हिसकण्याची कंपने रस्ता आणि स्प्रिंगमधून येतात. हातांना झिणझिण्या आणणारी कंपने वेगळी असून ती इंजिनाची असतात. एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला सुमारे ६७ वेळा हादरा देते. त्यावर हँडलच्या टोकांना जड वजने लावणे आणि जाड, मऊ मुठी बसवणे हे उपाय आहेत. दोन्ही स्वस्त आहेत. मूठ फारच जाड झाली मात्र तर लहान हाताच्या चालकाला ती आवळण्यातच श्रम होतात.

हँडल उंच करणारे ठोकळे उंच आणि कंबरदुखी असलेल्या चालकांना उपयोगी पडतात. दोन-तीन सेंटीमीटरचा फरकही खांद्यांना जाणवतो. ते बसवल्यानंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना हे पाहणे अनिवार्य आहे. वळताना इंजिनाचा आवाज आपोआप वाढू लागला तर केबल ओढली जात आहे असे समजावे. मुठीवर अडकवायची छोटी प्लास्टिकची पट्टी तळहाताने दाबून वेग कायम ठेवू देते. ती महामार्गावर मनगट वाचवते. पण गावातील गर्दीत तळहात चुकून तिच्यावर पडला तर गाडी पुढे उसळते, म्हणून शहर येताच फिरवून ठेवावी. ॲक्सिलरेटर एका जागी घट्ट अडकवून ठेवणारी साधने आपल्याकडील रस्त्यांना योग्य नाहीत.

वारा, ऊन आणि धुके

वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ९० किलोमीटर वेगाने गेल्यास छातीवरील दाब सव्वादोनपट होतो. त्यामुळे साध्या गाडीला बसवलेली मध्यम उंचीची काच दिवसअखेर लक्षणीय फरक करते. तिची वरची कड नजरेच्या रेषेच्या थोडी खाली असावी, म्हणजे रस्ता काचेतून नव्हे तर काचेवरून दिसतो. ओरखडे पडलेली काच धुक्यात किंवा रात्री समोरच्या ट्रकचा प्रकाश चौफेर फाकवते. चुकीच्या उंचीच्या काचेवरून उसळणारा वारा हेल्मेटवर आदळून डोके हलवत राहतो, तेव्हा काच काढून टाकणेच बरे वाटू लागते.

ऋतूनुसार काचेचे मोल बदलते. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते आणि पहाटे तापमान एक अंकी होते. तेव्हा काच आणि हँडलवरील हातसंरक्षक यांच्याइतके उपकारक काही नाही. उत्तरेकडे हँडलवर चढवायची कापडी आवरणे थंडीत सर्रास वापरली जातात. ती स्वस्त आहेत, मात्र हात आत-बाहेर सहज जातो का आणि दर्शक दिव्याचे बटण सापडते का, हे आधी पाहावे. मे महिन्यातील लू वेगळी. हवेचे तापमान त्वचेपेक्षा अधिक असेल तर वारा थंडावा देत नाही, उष्णता आणून टाकतो. घाम येताच वाळतो आणि शरीरातील पाणी किती गेले ते कळत नाही. अशा वेळी काचेपेक्षा पूर्ण बाह्यांचे सैल कपडे, गळ्याभोवती ओला पंचा आणि दर तासाला पाणी यांचे महत्त्व अधिक. पावसाळ्यातील दमट हवेत मोठ्या काचेमागे गुदमरल्यासारखे होते.

वाऱ्याचा आवाज हा थकव्याचा सहसा न मोजला जाणारा घटक आहे. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आतही तो इतका असतो की दिवसभरानंतर कान वाजू लागतात. स्पंजच्या साध्या बोळ्यांनी तो कमी होतो आणि हॉर्न ऐकू येतो. या पार्श्वभूमीवर ‘टूरिंग’च्या नावाखाली मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवणे अनाकलनीय आहे. तो इतरांना तर त्रास देतोच, चालकालाही दमवतो.

मागे बसणाऱ्याचे काय?

साधनांची जाहिरात चालकाकडे पाहून होते. काशीयात्रेला मात्र मागे बहुधा पत्नी, आई किंवा वडील असतात. त्यांना हँडलचा आधार नसतो, खड्डा येताना दिसत नाही आणि गाडीच्या मागील चाकावर बसल्याने धक्काही अधिक बसतो. उपलब्ध पैसा मर्यादित असेल तर तो मागील आसनाच्या रुंदीवर आणि पाठटेकूवर खर्च करणे योग्य. सामानाच्या पेटीलाच लावलेला पाठटेकू तेव्हाच चालतो, जेव्हा पेटीचा वाहक गाडीच्या सांगाड्याला पक्का जोडलेला असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार सहप्रवाशासाठी पक्की मूठ, फूटरेस्ट आणि मागील चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षक बंधनकारक आहे. हौसेने पिशव्या बसवताना साडीगार्ड काढून टाकण्याची प्रथा म्हणूनच धोक्याची आणि नियमबाह्य आहे. ओढणी किंवा पदर चाकात अडकून होणारे अपघात टाळण्यासाठीच तो असतो. लांबच्या प्रवासात एका बाजूला पाय सोडून बसणे टाळावे. त्याने सहप्रवाशाचा कणा पिळला जातो आणि चालकालाही सतत तोल सावरावा लागतो. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले १४,३३७ सहप्रवासी मृत्युमुखी पडले, याचा विचार करता मागे बसणाऱ्याच्या मापाचे आयएसआय चिन्हांकित हेल्मेट हे खरेदीच्या यादीत पहिले असायला हवे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला नेताना सुरक्षापट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असे बंधन फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. त्या वेगाने नागपूरहून वाराणसी गाठण्याचा बेत कोणी करू नये.

कायद्याची रेषा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ स्वरूपात फरक पडेल असा रचनेतील बदल म्हणजे फेरफार. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येणार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली. आसनाचे आवरण, काच, पिशव्या किंवा मुठी यांनी वाहनाचे मूळ स्वरूप बदलते असे म्हणता येणार नाही. सांगाडा कापणे, मागील भाग लांबवणे, इंजिन बदलणे ही कामे मात्र उघडपणे मनाईच्या कक्षेत येतात. सायलेन्सरसाठी ध्वनिप्रदूषणाचे वेगळे कलम आहे. महाराष्ट्रातील पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये वाचकांना परिचित असतील.

सामानाच्या पेटीबाबत २०२० मध्ये मापे ठरवण्यात आली. लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० मिलिमीटर आणि उंची ५०० मिलिमीटर यांपेक्षा ती मोठी नसावी. पेटीने सहप्रवाशाची जागा व्यापली असेल तर गाडीवर एकट्या चालकालाच परवानगी आहे. विजेची उपकरणे जोडताना मूळ तारा कापल्यास वॉरंटीचा प्रश्न उद्भवतो. मोबाइलचा चार्जर साधारण १० वॅट घेतो, तर २० वॅटचे दोन जादा दिवे ४० वॅट. दिव्यांसाठी रिले आणि स्वतंत्र फ्यूज नसेल तर रीवाच्या पुढे अंधारात बंद पडलेली गाडी ढकलण्याची वेळ येते.

गल्लीतील अडचण

महामार्गासाठी सजवलेली गाडी प्रत्यक्ष वाराणसीत अडचणीची ठरते. गोदौलियापासून घाटांकडे जाणारे रस्ते गर्दीचे आहेत. मराठी कुटुंबांची जुनी वस्ती असलेल्या ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट परिसरातील फरसबंद गल्ल्यांत समोरून गाय आली तर माणसालाच ओट्यावर चढावे लागते. दोन्ही बाजूंना टणक पेट्या लावलेली मोटारसायकल तेथे वळतसुद्धा नाही. किल्लीने झटकन उतरवता येणाऱ्या पेट्या किंवा खांद्याला लावता येणाऱ्या कापडी पिशव्या यासाठी श्रेयस्कर. गोदौलियाला २०२१ मध्ये दुचाकींसाठी बहुमजली वाहनतळ सुरू झाला आहे; तेथे गाडी ठेवून पुढे पायी जाणे सर्वांत सोपे.

परतीचा प्रवास नको असेल त्यांना मोटारसायकल रेल्वेच्या पार्सल विभागातून पाठवता येते. त्यासाठी टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि गाडी गोणपाटात बांधून द्यावी लागते. उंच काच, जादा आरसे आणि पेट्या बांधणीपूर्वी उतरवून सोबत घ्याव्यात. गाडी डब्यात चढवताना सर्वप्रथम मोडतात त्या याच वस्तू.